काकांचा मोडेम, आमचा पी.पी. नंबर

दोन हजार सालच्या आसपास आम्ही श्रीगोंद्यात भाड्याने राहायचो. आमच्या गल्लीत फोन एकाच घरी, शेजारच्या काकांकडे. काका हायस्कुलातून निवृत्त झालेले. त्यांचा नंबर सगळ्या गल्लीने आपापल्या पाहुण्यारावळ्यांना देऊन ठेवलेला, पुढे पी.पी. लिहून. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. फोन आला की काकू खिडकीतून हाक मारायच्या, आणि ज्याचा असेल तो चप्पल शोधत धावायचा. काकूंनी कधी तोंड वाकडं केलं नाही. म्हणूनच तर तिथं कुणाला काही बोलता यायचं नाही. मी तशी तोंडाची फटकळ, नवऱ्यालाही सोडायची नाही, पण त्या घरात पाऊल टाकलं की गरीब गाय. दुसऱ्याच्या फोनवर आपला काय हक्क?

तेव्हा मला नववा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिसगावचं माझं माहेरच उठून पुण्याच्या दवाखान्यात गेलेलं. आईला घशाचा कॅन्सर. जन्मभर मिसरी लावली, आणखी काय होणार. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मला एसटीत चढायला बंदी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला, "दुपारी आत नेत्यात. त्याच्या आधी आईला फोनवर घेतो. तू सकाळधरनं काकांकडं जाऊन बस." दवाखान्याच्या आवारात एसटीडी बूथ होता. त्याचा नंबर काही आमच्याकडे नव्हता. लावणार ते, वाट बघणार मी.

आणि नेमकं त्याच दिवशी काकांनी नगरहून मोडेम बदलायला माणूस बोलावलेला. काकांचा मुलगा अमेरिकेत. त्याला मुलगी झाली होती आणि तिचा फोटो ईमेलने आला होता. पण जुन्या मोडेमवर तो पुरता उघडेचना. वरून खाली सावकाश उतरायचा, टोपी दिसायची, कपाळ दिसायचं, की लाइन तुटायची. आठवडाभर काका नातीचं कपाळ बघत होते.

मी गेले तेव्हा तो माणूस टेबलाखाली आडवा झालेला. नवा डबा लागला, लाल दिवे लुकलुकले. कॉम्प्युटरने नंबर फिरवला आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज काढला.

"हे चालू असताना फोन येतो का हो?" मी विचारलं.

"नाही ताई, लाइन एंगेज राहते. पण पाच मिनिटांचं काम आहे."

"तुझा फोन यायचाय, माहितीय मला," काका म्हणाले. "एकदा फोटो उतरला की लाइन तुझीच."

मी बसले कोचाच्या कडेला.

टोपी आली, कपाळ आलं, भुवया आल्या आणि लाइन तुटली. त्या माणसाने पुन्हा नंबर फिरवला. पुन्हा टोपी, पुन्हा कपाळ, पुन्हा तुटली. त्याने सेटिंग बदललं, वेग कमी केला, तारेचं टोक कापून नवं लावलं. जुना डबा जोडून बघितला, परत नवा जोडला. तुटली रे तुटली की लगेच नंबर फिरवायचा, आणि मधल्या तेवढ्या श्वासापुरता मी टेबलावरच्या मुक्या फोनकडे बघायची. मनातल्या मनात त्या डबड्याला काय काय शिव्या दिल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

काकू चहा देऊन गेल्या. "आला नाही का गं अजून?" म्हणाल्या आणि कळवळून आत गेल्या.

घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी लाज सोडून मी उठले, म्हटलं, सांगावं आता, काका, जरा वेळ बंद करा. तेवढ्यात काकांनी चष्मा पुसला आणि स्वतःशीच म्हणाले, "आज पोरीचे डोळे तरी दिसू देत." मी तशीच पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

तिथं त्याच लाइनीवरचा दुसरा फोन होता. काकू रिसीव्हर कानाला लावून उभ्या. "मघापासनं सारखी उचलून बघतेय, तुझा भाऊ बोलतोय का. नुसती खरखर येते गं."

बाहेरून काकांचा आवाज आला, "गेली. परत गेली."

तो माणूस आत आला, काकूंच्या हाताकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "तुम्ही उचलता म्हणून तुटतंय, काकू." माझ्या फोनच्या काळजीनं काकू सकाळपासून लाइन तोडत होत्या, आणि म्हणून ती मोकळी होत नव्हती. रागवायचं कुणावर? त्या बिचाऱ्या नुसत्या पदराला हात पुसत राहिल्या.

मग फोटो एका दमात उतरला. डोळे, नाक, आवळलेल्या मुठी. काका रडत होते. "बघ गं, बघ," मला म्हणाले. मी बघितलं. गोड होती पोर. त्या माणसाने तार काढून फोनला लावली, आणि फोन वाजला.

"सकाळधरनं लावतुय, सारखा एंगेज," भाऊ म्हणाला. "आत्ताच नेलं गं आईला आत."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"लई थांबली तुझ्यासाठी. म्हनली, दे माझ्या हातात. त्यात नुसतं टूं टूं यीत हुतं. म्या म्हनलं, लागला न्हाई गं आई, तरी बोलत हुती त्यात."

"काय म्हणाली?"

"नर्स बोलवाया आली म्हनून मी भाईर गेल्तो. बूथच्या काचंतनं नुसतं तोंड हलताना दिसलं."

आई वाचली. माझ्या लेकाला अंगाखांद्यावर खेळवलं तिनं. लिहिता येत असतं तर कधीतरी लिहून दिलं असतं, पण ती अंगठेबहाद्दर. एकदा शेंगा निवडताना मी विचारलंच, "आई, त्या दिवशी फोनात काय बोललीस?" तिनं हातातली शेंग खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवायला लागली. मी नजर न काढता बघत राहिले. एक शब्द कळला नाही. पुष्कळ बोलली होती, एवढंच कळलं.