दुधनाकाठची दोन नावं

सकाळच्या गाडीने जालना सोडलं तेव्हा पिशवीत यादीचे कागद होते, अंगठ्यांसाठी शाईची गादी होती आणि बायकोने बांधून दिलेल्या दशम्या होत्या. निघताना तिने बजावलं होतं, "ताराकाकू दारात असतील. बोलायचं नाही." वाळत घातलेल्या पापडांवरून तिचं आणि शेजारच्या ताराकाकूंचं महिनाभर वाजलेलं होतं. मी मान खाली घालून मुकाट्याने स्टेशन गाठलं.

आमचा मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता. निजामी राजवट गेली त्या वर्षी खेड्यापाड्यांत जी माणसं कापली गेली, त्यांचं देशाने स्मारक उभारावं, म्हणून आम्ही काही मास्तर आणि एक वकीलसाहेब दिल्लीला अर्जांमागून अर्ज पाठवत होतो. अखेर उत्तर आलं, की नावे पाठवा आणि प्रत्येक नावापुढे घरच्या माणसाचा अंगठा घ्या. यादीचा मथळा मीच लिहिला होता: 'जुलमी राजवटीच्या हातून मारले गेलेल्यांची यादी'. माझ्या अक्षराचा मला भारी अभिमान. मथळा पाहून मी स्वतःच दोनदा खूश झालो होतो.

परतूरला उतरलो. मोंढ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. चहा घेताना पिशवी चाचपली, तर शाईची गादी गायब! ती गाडीच्या बाकावरच राहिली होती. गावात दुसरी मिळेना. स्वतःवरच चडफडत मी दुधना नदीपलीकडच्या गावाला जायला दमणीत (हलकी बैलगाडी) बसलो.

गाडीवान नामदेव बोलका होता. दुधनेत पाणी जेमतेम घोट्याएवढं. बैल पाणी प्यायला थांबले तेव्हा त्याने विचारलं, "मास्तर, दगडावर नावं कोरून काय व्हनार?"

"लोक विसरणार नाहीत," मी म्हणालो.

"इसरलंय कोन हितं?" असं म्हणून त्याने बैल हाकले. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कापूस फुटला होता.

गावात माझा पहिला मुक्काम गंगूबाईकडे होता. तिचा नवरा राजवटीच्या हत्यारबंद टोळीने गावाच्या वेशीत मारला होता. तिने आधी मला जेवायला बसवलं. भाकरी आणि अंबाडीचं कोरड्यास (पातळ भाजी) इतकं चवदार, की मी लाज सोडून तिसरी भाकरी मागितली. मग कागद पसरला आणि नवऱ्याचं नाव विचारलं.

गंगूबाईने पदर तोंडावर घेतला. "त्यांचं नाव म्या कसं घेऊ?"

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण उन्हाने डोकं तापलेलं. मी खेकसलोच, "बाई, नावच नसेल तर स्मारक कुणाचं बांधायचं?"

ती रागावली नाही. कुडाकडे तोंड करून तिने हाक मारली, "सकिना, ये गं जरा!"

हात पुसत शेजारीण आली. वयाने गंगूबाईएवढीच. काय हवं ते ऐकून तिने सरळ सांगितलं, "लिव्हा. मारोती गणपत. सरपनाची गाडी हाकायचे. मला भैन म्हनायचे."

मी लिहिलं. शाईची गादी नव्हती, म्हणून गंगूबाईने तव्याची काजळी तेलात कालवली आणि अंगठा उठवला. मी कागद उचलणार, तोच ती म्हणाली, "आता हिच्या मालकाचं लिव्हा. हुसेन चांद, पिंजारी."

"यांना कुणी मारलं?"

उत्तर गंगूबाईनेच दिलं. "फौज आली, निजामाचं राज गेलं. मंग सूड घ्यायला भाईरून लोक आल्ते. हुसेनभाई कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. गादी भरून राह्यला व्हता. तसाच वडून नेला."

मी मथळ्यावर बोट ठेवलं. "पण ही यादी राजवटीने मारलेल्यांची आहे. हे नाव तिच्यात बसत नाही."

"मंग माजं बी खोडा."

"नक्को गंगूबाई," सकिना घाईने म्हणाली. "तुझं राहू दे. तुझे लेकरं वाचतील ते."

"आन तुझ्या लेकरांनी काय वाचायचं?"

सकिना उठली आणि दाराकडे निघाली. तिची पाठ बघून मला माझ्या त्या वळणदार मथळ्याची शरम वाटली. मी म्हणालो, "थांबा." टाक उचलून 'जुलमी राजवटीच्या हातून' हे शब्द मी आडवी रेघ ओढून खोडले. उरलं ते एवढंच: 'मारले गेलेल्यांची यादी'. मारोती गणपतखाली मी हुसेन चांद लिहिलं.

त्याच काजळीत सकिनाने अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. "बराबर उठला का, मास्तर?"

"बिलकुल," मी म्हणालो.

दुपारभर बायका जोडीजोडीने येत राहिल्या. एकीने दुसरीच्या मालकाचं नाव सांगायचं आणि दुसरीने पहिलीच्या.

जालन्याला वकीलसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मथळ्यात खाडाखोड? दिल्लीवाले परत पाठवतील."

"परत आली तर पुन्हा पाठवीन," मी म्हणालो. "खाडाखोड तशीच राहील." यादी गेली. हे लिहीपर्यंत तरी उत्तर नाही.

गावाहून परतलो त्या संध्याकाळी घरी सगळं सांगून झाल्यावर मी बायकोला विचारलं, "उद्या मला काही झालं आणि कुणी नाव विचारलं, तर गं?"

"काहीतरी अभद्र बोलू नका," ती म्हणाली. मग भाजी निवडायला घेतली. "ताराकाकू सांगतील की," ती हळूच म्हणाली.

ती उठली, डब्यातले चार पापड ताटलीत घेतले, पदराने झाकले आणि बाहेर गेली. शेजारची कडी वाजली. दार लगेच उघडलं.