लाल फुली

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, एकवीस वर्षं इंजेक्शनच्या बाटल्या डोळ्यांनी तपासत होत्या. चालत्या पट्ट्याशेजारी बारा बायका. तडा दिसला की बाटली उचलायची, मेणाच्या लाल पेन्सिलीनं फुली मारायची, खराब ट्रेमध्ये टाकायची. घरातला पेलासुद्धा वन्सं आधी उजेडाकडे धरत, मगच पाणी पीत.

मागच्या वर्षी इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी प्रोजेक्ट घेऊन आली. बाटली आली की सेन्सरला कळणार, कॅमेरा फोटो काढणार, कॉम्प्युटर चांगलं-वाईट ठरवणार आणि वाईट बाटली हवेच्या झोतानं बाजूला उडणार. पण आधी त्याला शिकवायला हवं. वन्संनी दोन हजार बाटल्या निवडून दिल्या, अर्ध्या चांगल्या, अर्ध्या खराब. चाचणीलाही त्यांच्याच ट्रेमधल्या बाटल्या गेल्या. एक चूक निघाली नाही. साहेबांनी यंत्राशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि अकरा बायकांना घरी पाठवलं. देखरेखीला वन्सं तेवढ्या राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी तडा गेलेल्या बाटल्या सरळ पुढे जायला लागल्या. मुलगी धावत आली. पडद्यावर जुने फोटो बघता बघता तिचा हात थांबला.

"मावशी, प्रत्येक खराब बाटलीवर ही फुली कसली?"

"फुलीशिवाय खराब बाटली ट्रेमध्ये टाकायचीच नाही. पहिल्या दिवशी हेच शिकवतात आम्हाला."

"म्हणजे हे तडा बघतच नाहीये. फुली शोधतंय." ती सुपरवायझरकडे वळली. "दोन महिने द्या, नव्यानं शिकवते."

"तुला मार्क मिळाले ना? मग झालं तर." मग तो वन्संना म्हणाला, "बाई, तुम्ही कॅमेऱ्याच्या अलीकडे बसा आणि मारत राहा फुल्या. बाहेर बोललात, तर बारावं नाव तुमचं."

तेव्हापासून काम बाराजणींचं, हात एकटीचे आणि नाव यंत्राचं. संध्याकाळी वन्सं डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन पडून राहत.

"सोडून द्या ना," मी म्हणायचे.

"आणि तडे कोण बघेल गं, वहिनी? तुझा कॅमेरा?"

गेल्या सोमवारी एक तडकलेली बाटली हातातून निसटून पुढे गेली. तिच्या मागोमाग आणखी एक. वन्संनी पट्टा बंद केला आणि म्हणाल्या, भरलेली सगळी खोकी परत उघडा. सुपरवायझरनं पडद्यावरचा आकडा दाखवला.

"यंत्र नव्याण्णव टक्के अचूक आहे. तुमचे डोळे किती टक्के आहेत, बाई?"

त्या दुपारीच, डबा न उघडता, घरी आल्या त्या कायमच्या.

काल मी विचारलं, "आता फुल्या कोण मारतं?"

"कोणी नाही." त्यांनी हातातला पेला उजेडाकडे धरला. "पॅकिंगमधली भेटली होती. म्हणाली, तुम्ही गेल्यापासून एकसुद्धा बाटली खराब निघालेली नाही. साहेब खूश आहेत."