आभार मानणारा साक्षीदार

गावात कुठलाही कार्यक्रम असो, शेवटी आभार मानायला मी असतो. शाळेचं गॅदरिंग, सोसायटीची सभा, जनावरांच्या लसीकरणाचं शिबिर, एकदा तर पाण्याच्या टाकीवरच्या नव्या मोटारीचं उद्घाटन. माझे वडील वडूजकडचे, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. माणसांशी ते दिवसाला चार शब्द बोलायचे. त्यांनी न बोललेलं सगळं मी हायवेवरच्या या गावात हायस्कूलला मराठी शिकवून आणि उरलेल्या वेळात आभार मानून बोलून टाकलं आहे. बायको आष्ट्याची. ती म्हणते, "तुमी माईकपाशी गेला की लोकं चपला हुडकाय लागत्यात." खरं आहे. पण चपला सापडेपर्यंत कुणीतरी बोलत राहायला हवं, आणि ती जागा गावानं मला दिलेली आहे.

आभाराचं काम वाटतं तितकं सोपं नाही. एक नाव राहिलं की माणूस दुखावतो. मंडपवाल्याचं नाव एकदा राहून गेलं, तर तो दोन वर्षं मला बघून रस्ता ओलांडायचा. तेव्हापासून मी खिशात चिठ्ठी ठेवतो. स्पीकरवाला, पाणी भरणारा, लाईट गेली नाही म्हणून वायरमन, सगळे त्यात असतात. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: "पाहुण्यांनी मांडलेले विचार आपण सर्वांनी प्रत्यक्ष कृतीत आणूया, एवढं बोलून मी थांबतो." दातांच्या डॉक्टरांच्या व्याख्यानानंतर मी हे बोललो आहे, गांडूळखतानंतर बोललो आहे. त्यानंतर कुणी काही कृतीत आणल्याचं मात्र मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पेठेच्या चौकात सभा होती. कुणाच्या तरी फोनवरच्या स्टेटसवरून आठवडाभर गावात कुजबुज चालली होती, आणि तेवढ्यासाठी बाहेरून एक मोठे नेते येणार होते. सत्तेतले. त्यांना स्टेजवर बसायला गाद्या आणि लोड हवे होते, ते नेहमीप्रमाणे गादीवाल्या चाचांकडून आले. चाचांचं दुकान पेठेच्या कोपऱ्यावर, त्यांच्या वडिलांपासूनचं. माझ्या लग्नातली गादी त्यांनीच भरून दिलेली. अजून आम्ही तिच्यावरच झोपतो. पाहुणे मोठे म्हणून त्यांनी लोडांना नवे पांढरे अभ्रे घालून पाठवले होते.

नेते त्या लोडाला टेकून बसले, मग उठून बोलले. आवाज चांगला होता. "आपल्याच पेठेत काही दुकानं आहेत," ते म्हणाले, "तुम्हाला माहीत आहेत, मला नाहीत. मी काही सांगणार नाही. मी कायदा मानणारा माणूस. पण तुमचं रक्त थंड झालंय का, एवढं मी तुम्हाला विचारून जाणार." लोक ओरडले. मी मागं उभा राहून चिठ्ठी तपासत होतो. ऐकत नव्हतो असं मात्र म्हणवत नाही. सगळं ऐकलं, आणि मग वायरमनचं नाव वर घ्यावं की खाली, या विचारात पडलो.

मग माझी पाळी आली. मी क्रमानं गेलो. "व्यासपीठासाठी गाद्या-लोड देणारे, याच पेठेच्या कोपऱ्यावरचे आपले गादीवाले चाचा" असं म्हटल्यावर गर्दीतून शिट्ट्या आल्या. मला वाटलं, आज आभाराला दाद मिळतेय. त्या आनंदात मी शेवटचं वाक्य जरा जोरातच म्हटलं.

नेत्यांच्या गाड्या हायवेला लागल्या. इकडं चपला कुणीच शोधल्या नाहीत. सगळी गर्दी पेठेच्या कोपऱ्याकडं वळली.

चाचांच्या दुकानातला सैल कापूस क्षणात पेटला. कापसाच्या गाठी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आतल्या आत धुमसत होत्या. चाचा नमाजाला गेले होते म्हणून वाचले. त्यांचा थोरला मुलगा पिंजायचं मशीन बाहेर ओढायला गेला आणि दोन्ही हात भाजून घेऊन आला. मी चौकात उभा होतो. हातात चिठ्ठी होती.

पोलिसांनी "अज्ञात जमाव" असा गुन्हा नोंदवला आणि फोनवरच्या चित्रणावरून सहा पोरं उचलली. त्यांतल्या तिघांना मी मराठी शिकवलं होतं. आठवड्यानं चाचा माझ्याकडं आले. मुलगा अजून दवाखान्यात होता. चहा घेतला, कप खाली ठेवला, मग बोलले.

"सर, पोरं धरली. पन पोरांना कोन काय बोललं, ते कुनी लिवलं न्हाई."

पोरांवर त्यांचा राग नव्हता असं नाही, पण तो वेगळा राग होता. त्यातलं एक पोरगं दर हिवाळ्यात आजीची दुलई भरून न्यायला त्यांच्याकडं यायचं. त्यांना पुरवणी जबाब द्यायचा होता आणि त्यात त्या नेत्याचं नाव हवं होतं. शिक्षा होईल असं त्यांनाही वाटत नव्हतं. "कागदावर तर येऊ द्या," म्हणाले. "उद्या माझा नातू इचारील, कुनी जाळलं? तवा सहा पोरांची नावं सांगू का?"

जबाबासोबत द्यायचा अर्ज मी लिहून दिला. माझं अक्षर सुवाच्य आहे, एवढा एक गुण सगळे मान्य करतात. भाषणातली वाक्यं जशीच्या तशी घातली. खाली लिहिलं की या भाषणाला मी स्वतः साक्षीदार आहे. लिहिताना छाती जरा फुगली होती, खोटं कशाला सांगू. बायकोनं कागद वाचला. म्हणाली, "समदं बराबर हाय. पन तुमी काय बोलला, त्ये न्हाई लिवलं ह्यात." मी म्हटलं, मी काय बोललो, मी तर आभार मानले.

ठाण्यातले साहेब सभ्य होते. दोघांना खुर्च्या दिल्या, अर्ज दोनदा वाचला. मग समजावून सांगितलं. दोन समाजांत तेढ लावणाऱ्या भाषणाचं कलम लावायचं तर कोर्ट खटला हातात घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. प्रस्ताव वर जाईल, येईल तेव्हा येईल. आणि सरकारात कोण आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको, म्हणाले. चाचांनी मान हलवली. त्यांना हे नवीन नसावं.

"दुसरं कलम आहे चिथावणीचं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी टेबलावरचा फोन आमच्याकडं फिरवला.

आधी नेत्यांचा आवाज आला. मग माझा. स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकायला मला कधीच आवडत नाही, पण त्या दिवशी तो अगदी स्वच्छ ऐकू येत होता. गाद्या, लोड, कोपऱ्यावरचे चाचा. शिट्ट्या. मग ते वाक्य.

"नेते म्हणतात, मी काही सांगणार नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही म्हणता, कृतीत आणूया. आता स्पष्ट शब्द कुणाचे, सांगा सर. दुकानाचा पत्ताही तुमच्याच तोंडी आहे."

मी सांगितलं की ते ठरलेलं वाक्य आहे, मी ते प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो. गांडूळखताचंही सांगितलं. ते हसले नाहीत. नेत्याचा वकील उभा राहिला तर पहिला हा व्हिडिओ लावेल, म्हणाले. चौकशी त्यांनाही या व्हिडिओपासूनच सुरू करावी लागेल. आमच्या माणसानं इशाराही दिला नाही, चिथावलं ते या मास्तरनं, असं तो वकील म्हणणार आणि कागद त्याच्या बाजूनं असणार. अर्ज घ्यायला साहेबांची ना नव्हती. "पण विचार करून परवा या," म्हणाले, आणि कागद परत माझ्याच हातात दिला.

मी कागद खिशात घातला आणि चाचांना स्कूटरवरून घरी सोडलं.

ते दोन दिवस मी फार शूर होतो, घरातल्या घरात. सांगलीला माझे मेहुणे एका वकिलांकडं कारकून आहेत. त्यांना फोन केला, तर ते म्हणाले, दाजी, खटला उभा राहील तेव्हा राहील, संस्था तुम्हाला त्याआधी निलंबित करेल. मी आरशासमोर उभा राहून जबाब म्हणून पाहिला: माझं वाक्य सवयीचं होतं, त्यांचं भाषण सवयीचं नव्हतं. वाक्य चांगलं जमलं होतं. वर्गात सांगण्यासारखं. पण अंघोळ करून कपडे घालेपर्यंत त्यातला जोर निघून जायचा. बायको म्हणाली, "जावा आन खरं हाय त्ये सांगा. नोकरी गेली तर तुमच्या भावाकडं मेंढरं हायती की." ती हसत होती, पण पीठ मळता मळता तिनं मीठ दोनदा घातलं.

परवाच्या दिवशी मी निघायच्या आधीच चाचा आले. आत या म्हटलं तरी पायरीवरच बसले.

"सर, अर्ज बदलून लिवा. त्या मानसाचं नाव काडा त्यातनं. तुमचं बी काडा."

मी म्हटलं, नाही चाचा, मी येतोय, काय व्हायचं ते होऊ दे. म्हटलं, पण सावकाश म्हटलं, मध्ये कुणी थांबवलं तर थांबता यावं इतकं सावकाश.

"तुमी आत गेला, तर त्या पेठंत माझ्याशी बोलनारं कोन ऱ्हातंय?" ते म्हणाले.

यावर मी वाद घालायला हवा होता. त्यासाठी मला मुद्दे शोधायचीही गरज नव्हती, नातवाचा मुद्दा त्यांनीच आठवड्यापूर्वी मला दिला होता. मी उठलो आणि कोरा कागद आणायला आत गेलो. कपाटापाशी उभा राहिलो तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

नव्या अर्जात मुलाच्या उपचाराचं आलं, मशीनचं आलं, आरोपींवर कडक कारवाई व्हावी असं आलं. सभेचा उल्लेख "सदर दिवशी चौकातील कार्यक्रम संपल्यानंतर" एवढाच. चाचांनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचला. मग त्यांनी कागद हातात घेऊन मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"हितं व्हतं न्हवं ते?"

"होय."

"मोकळी जागा दिसती का काय?"

"नाही," मी म्हटलं. "ओळ सलग आली आहे."

त्यांनी सही केली आणि पेन झाकण लावून मला परत दिलं. मी स्कूटर बाहेर काढली. ते मागं बसले, कागद दुमडू नये म्हणून छातीशी सपाट धरून.