खोड उघड्यावर

"खोड उघड्यावर, भाव फडक्याखाली," असं म्हणूनच तो सौद्याला बसायचा. म्हशाच्या जत्रेतले बैलांचे दलाल तुम्ही पाहिले असतील. खांद्यावरचं फडकं हातांवर टाकायचं, आत बोटं दाबून भाव ठरवायचा. हा मात्र फडकं टाकण्याआधी जनावराची खोड मोठ्यानं सांगायचा. भावाबद्दल वाटेल ते खोटं बोलायचा. मुरबाडहून दुसरं गिऱ्हाईक निघालंय, हे तर नेहमीचंच.

बैलांच्या धंद्यातला माझा पहिला सौदा त्याच्याकडेच होता. शहापूरचं गिऱ्हाईक खूश होऊन माझ्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होतं. हा म्हणाला, "दादा, चिखलात बसतो हा. मारलं तरी उठत नाय."

गिऱ्हाईक गेलं. मी भर जत्रेत ओरडलो, "तू दलाल माझा का त्याचा?"

"बैलाचा," तो म्हणाला.

दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. दिसला की तोच हाक मारायचा, "शेठ, राग उतरला का नाय?"

मग बाबांना लकवा झाला. त्यांचा लाडका बैल विकायचा ठरला, तेव्हा त्यांनी ह्यालाच बोलावलं. माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. बैल वैशाखरे गावच्या एका शेतकऱ्याकडे गेला आणि पहिल्याच पावसाळ्यात साप चावून मेला. बाबांना आम्ही सांगितलं नाही.

पुढची जत्रा झाल्यावर हा घरी आला. बाबांनी विचारलं, "बैल कसा हाय रे?"

"मस्त हाय, काका. घरची बाई आधी त्याला खायला घालते, मंग नवऱ्याला."

बाबा तोंडाच्या एका बाजूनं हसले.

अंगणात मी त्याचा सदरा धरला. "माझ्या वेळी तुझी जीभ झडली होती काय?"

"तुझं खोटं गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडनार व्हतं. ह्ये कुनाच्या गळ्यात पडतंय, सांग ना."

मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. तो दर वर्षी येत राहिला. एकदा तर त्यानं मेलेल्या बैलाची खोडही सांगितली, "म्हातारपनी हट्टी झालाय, काका."

एका वर्षी जत्रेच्या आधीच तो गेला. मी त्याला स्मशानात पोचवून आलो, घरी काही बोललो नाही. जत्रा संपली तशी बाबांनी विचारलं, "तो आला नाय?"

"आलेला. तुमी झोपलेले."

"बैल?"

"खातोय, पितोय."

"आनि तो?"

हजार गिऱ्हाइकं गुंडाळलेली माझी जीभ जरा अडखळली.

"बरा हाय. फक्त चालवत नाय म्हनतो आता."