खोपट्याची पाँडिंग टेस्ट

मंदीत नवऱ्याची नोकरी गेली, त्या हिवाळ्यात उम्म अल कुवैनच्या खाडीकाठी एका खोपट्याचे असे काही लाड झाले की विचारू नका.

खोपटं आमच्या शेजाऱ्यांचं. ते मूळचे मालवणचे, दर शुक्रवारी तिथे गळ टाकून बसणारे. थंडीतल्या पावसात छत गळतं, एखादी ताडपत्री टाकून द्या, एवढंच ते म्हणाले होते. पण म्हणाले कोणाला, तर बारा वर्षं टॉवरच्या गच्च्या गळतात का हे तपासणाऱ्या माणसाला! घर माझ्या पगारावर चाललं होतं, पण हा माणूस दुबईतल्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. जेवणावरची वासना उडालेली. मला खरंच भीती वाटायला लागली होती. ताडपत्रीचं नाव निघालं आणि गडी ताडकन उठला.

बंद पडलेल्या साइटवरून डांबरी शीटचे उरलेले तुकडे आले. शीटवर शीट चार बोटं चढवायची, फटीत सीलंट भरायचं, सपाट छताला कडेने लाकडी पट्ट्यांचा कठडा. यात चार शुक्रवार गेले. शेजाऱ्यांना मासा म्हणून मिळेना, कारण सीलंटची गन धरायला तेच. इकडे नवरा दोन्ही वेळा पोटभर जेवू लागला. "ममा, बाबा इज शाउटिंग अगेन," अशी मुलीने तक्रार केली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

पाचव्या शुक्रवारी सकाळी नवऱ्याने पाँडिंग टेस्ट काढली. म्हणजे छतावर पाणी तुंबवायचं आणि दिवसभरात खाली थेंब येतो का ते बघायचं. खाली जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली आणि खाडीतून बादल्या भरभरून दोघांनी वर पाणी ओतलं.

"साहेब, खोपटं आहे हे, बुर्ज नाही! यल्ला, चला, खलास करा आता," शेजारी कळवळून म्हणाले.

"टेस्ट पास झाली की खलास."

खलास म्हणजे पुन्हा ती भिंत. संध्याकाळी बघते तर कागद ठणठणीत कोरडे. दोघे हात धुवायला गेले, तेवढ्यात मी माझ्या प्यायच्या बाटलीतलं पाणी कागदावर शिंपडलं आणि साळसूदपणे दारात येऊन बसले.

नवरा आत शिरला. डाग बघून गुडघ्यांवर बसला. उठून छताच्या फळीवरून खालून हात फिरवला. मग पुन्हा वाकून ओल्या कागदाला बोट लावून ते जिभेवर टेकवलं. खाडीचं पाणी खारट असतं, हे मला तेव्हा कुठे आठवलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बाटलीकडे. मिशीतल्या मिशीत हसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"काय साहेब, पास ना?" शेजाऱ्यांनी बाहेरून विचारलं.

"छे, गळतंय," नवरा अगदी साइटवरच्या आवाजात म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी परत यावं लागेल."