एलसाबाईंचं एक मत

डॉक्टर एल्सबेथ क्राउस जर्मनीहून औशाजवळच्या आमच्या गावात आल्या त्या बहात्तरच्या दुष्काळात, एका वर्षासाठी. दवाखान्याला जागा दिली ती सरपंच विरूपाक्षप्पांनी, स्वतःच्या दुकानाच्या ओसरीवर. वर्ष संपलं, बाई गेल्या नाहीत. पुढे रीतसर इथल्या नागरिक झाल्या. गावाने त्यांना एलसाबाई केलं आणि भांडायचं कसं तेही शिकवलं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याची पहिली नळयोजना गावाला मिळाली आणि नळ आमच्या बुद्धवाड्याच्या तोंडाशी येऊन थांबला. आम्ही ओढ्यातल्या झऱ्याचं गढूळ पाणी पीत राहिलो. पोरं हगवणीने आजारी पडायची, बाई औषध द्यायच्या, पोरं पुन्हा तेच पाणी प्यायची. अर्ज करून बाई थकल्या नाहीत, चिडल्या.

"दहा वर्सं औषध देतेय. आता ठरावावर सही करणारीच व्हते," म्हणाल्या आणि ग्रामपंचायतीला विरूपाक्षप्पांच्याच विरोधात उभ्या राहिल्या. ज्याच्या ओसरीवर बसायचं त्याच्याशीच लढाई. गावाला करमणूक झाली.

मतदानाच्या दिवशी दुपारभर बाई दवाखान्यातच अडकल्या. पाचला मतदान संपायचं, त्याला थोडाच वेळ उरला तेव्हा शाळेतल्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे दोनच बाया होत्या. तेवढ्यात विरूपाक्षप्पांचा गडी धावत आला. शेतातल्या आखाड्यावर सून अडली होती, बाळाचा पाय आधी बाहेर आला होता.

बाईंची बॅग उचलायचं काम माझं. मी त्यांचा हात धरला. "दोनच बाया हायेत. मत टाकून जावा."

"पाय बाहेर आलाय, माणिक," एवढंच बोलून त्या निघाल्या. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांची बॅगसुद्धा उचलली नाही.

बाळंतीण सुटली, नातू झाला. बाई परतल्या तेव्हा शाळेचं दार बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. विरूपाक्षप्पा एका मताने निवडून आले आणि पुन्हा सरपंच झाले. आमच्या वाड्यात त्या दिवशी चूल पेटली नाही.

बारशाला बाईंना मानाचं बोलावणं आलं. त्या गेल्या, पण पिशवीतून झऱ्याच्या पाण्याची बाटली काढून ताटाशेजारी ठेवली. "जेवते. पाणी मात्र ह्येच पिणार. नळाचं पाणी वाड्याला मिळंल तवा मलाबी द्या."

विरूपाक्षप्पांच्या पत्नी उमाबाई उठल्या. "ज्या हातांनी नातू दिला, त्या हातचं पाणी मला चालतंय," म्हणत त्यांनी बाटली उचलून तोंडाला लावली.

विरूपाक्षप्पांनी ती झडप घालून हिसकावली. "पिऊ नको. आजारी पडशील."

"मग?" एलसाबाई म्हणाल्या.

विरूपाक्षप्पांनी ती मातकट बाटली उजेडात धरून पाहिली आणि स्वतःच नेऊन मोरीत ओतली.

उन्हाळ्याच्या आत वाड्यात नळ आला. पहिली घागर उमाबाईंनी भरली. फोटोत मात्र विरूपाक्षप्पाच पुढे, ते चालायचंच.

पुढच्या निवडणुकीला बाईंनी पुन्हा त्यांच्याच विरोधात अर्ज भरला, या वेळी दवाखान्याच्या इमारतीसाठी. त्या दिवशी शाळेचं दार उघडायच्या आधीच बाई बॅग घेऊन पायरीवर बसल्या होत्या. पहिलं मत त्यांचं पडलं.