माझे तळपाय पाहणारा माणूस

दिवेलागणीला हे माझा पाय मांडीवर घेऊन बसायचे. हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय मला कधी लागली नाही, आता या वयात कशाला लावून घेऊ? मला साखरेचा आजार जडला तेव्हा चौकातल्या जुन्या डॉक्टरांनी यांना बजावलं होतं, "वहिनींचे तळपाय रोज पाहत चला. साखरेनं पाय बधिर होतात, लागलेलं कळत नाही." पाय माझे आणि बोलणं यांच्याशी! मला रागच आला होता. पण स्वतःचा तळपाय स्वतःला दिसत नाही, आणि माझे गुडघे तर तेव्हापासूनच संपावर गेलेले.

यांचं लहानपण उमरेडला हातमागावर गेलं. पुढे नागपूरला इतवारी बाजारात कापडाच्या दुकानात नोकरी केली, तरी नजर विणकराचीच राहिली. नवं लुगडं उजेडाकडे धरून तुटका धागा शोधावा, तसा माझा पाय हे दाराकडे वळवून धरत. बोटांच्या बेचक्यांत पाहत, टाच दाबत. "इथं समजते काय? अन् इथं?" मी लाजेनं अर्धी व्हायची. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! पाप आपल्या माथी नको म्हणून पाहणं संपलं रे संपलं की मी वाकून यांच्या पायांवर डोकं ठेवायची. रोज. हे हसायचे. "पुरे वं, कंबर धरंल तुही," म्हणायचे आणि टीव्हीच्या बातम्या लावायचे.

हे गेले त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून माझे तळपाय कोणी पाहिले नव्हते.

मोबाइल यांचाच. गॅसचा नंबर लावणं, विजेचं बिल, गोळ्या मागवणं, सगळं हे करत. घरात एकाला येतं तेवढं पुरे, असं म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. तेराव्यानंतर मुलीनं तो माझ्या हातात दिला आणि पडद्यावर यांचा फोटो लावून दिला. तिच्या लग्नातला, पांढरा सदरा, हसू दाबून धरलेलं. बाजूचं बटण दाबलं की हे समोर. मी फोन शिकले ती त्या फोटोपायी. आधी नुसती पाहायला उघडायची. मग उघडलाच आहे तर म्हणून गोळ्या मागवायला लागले, साखरेचा आकडा मुलीला पाठवायला लागले. चुकून एकदा एकाच गोळीची सहा पाकिटं घरी आली, ती गोष्ट मुलीला अजून सांगितलेली नाही.

मुलगी पुण्याला असते. तिनं मला स्पष्टच सांगितलं होतं, "आई, दर महिन्याला डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं, तू एकटीनं. ते जमलं तर राहा नागपूरला. नाही जमलं तर मी न्यायला येते." पुणं वाईट नाही. जावई तर पोरीपेक्षा गुणाचा आहे. पण तिथल्या खुर्चीवर यांनी कधी ओला टॉवेल टाकला नाही, आणि त्यावरून मी कधी भांडले नाही. तिथं मला आठवायला काही नाही. इथं यांच्या चपलासुद्धा दाराशी आहेत. सकाळी अंगण झाडताना मी त्याच घालते. मोठ्या होतात, फटफट वाजतात. तो आवाज मला हवा असतो.

हिवाळ्याच्या सुरुवातीला नव्या डॉक्टरीणबाईंशी तो पहिला व्हिडिओ झाला. मी इस्त्रीची साडी नेसून बसले होते. पाहुणा येतो तेव्हा आपण आपलं रडगाणं गातो का? डॉक्टरीणबाईंनी विचारलं तसं मी सांगत गेले. झोप बरी, जेवण बरं, सगळं बरं. मग त्या म्हणाल्या, "आजी, पाय दाखवा." मी फोन खाली करून पावलांची वरची बाजू दाखवली. "वरून नको. तळवा दाखवा. फोन तळव्यासमोर धरा."

माझा हात थांबला. फोनसमोर पाय धरायचा? ज्यात हे आहेत त्याला तळवा दाखवायचा? बोलताना फोटो दिसत नाही हे मलाही कळतं. पण पडदा सरकला म्हणून माणूस हलतो का? पुस्तकाला पाय लागला तरी आपण ते कपाळाला लावतो, आणि इथं मी यांच्या तोंडावर पाय धरू?

"बरे आहेत तळवे. काही दुखत नाही," मी म्हटलं.

"दुखत नाही म्हणूनच पाहायचं असतं, आजी."

"आवाज येत नाही वाटतं," असं म्हणून मी लाल बटण दाबलं. आवाज खणखणीत येत होता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. डॉक्टरीणबाईंनी तिला कळवलं होतं. "आई, तुला साधा फोन धरता येत नाही. मी संक्रांतीला येते, सामान बांधून ठेव." तिला खरं कारण सांगावंसं वाटलं, पण इंजिनीअर पोरीला ते कसं सांगणार? रात्रीचं जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात फरशी पुसून झाली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी एक फिकट गुलाबी डाग दिसला. कुंकू सांडलं असेल म्हणून पुसला. मी दोन पावलं गेले, तर मागे तसाच दुसरा. तेव्हा कळलं, डाग माझ्याच पायाचे. जमिनीवर आरसा ठेवून पाहिलं, पण डोळ्यांत मोतीबिंदू, नुसती सावली दिसली. शेजारच्या बाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. त्यांना तळवा कसा दाखवू? तरी फोनमधल्या फोटोचं सगळं त्यांच्याजवळ बोलले, कारण बोलल्याशिवाय राहवेना.

"मंग फोटोच बदलून टाक ना वं," त्या म्हणाल्या. "गणपतीचा लाव."

"गणपतीले पाय दाखवू?"

"फुलाचा लाव मंग. काहून जीव घेऊन राहिली सोताचा?"

मी तडक उठून घरी आले. फूल! माझ्या नवऱ्याच्या जागी फूल लावा म्हणे. वर त्यांच्या हातचा चहाही घेतला नाही.

घरी येऊन फोन उघडला. हे हसू दाबून पाहत होते. आणि मला एकदम वाटलं, अगं वेडे, यांनी तुझा तळवा पाहिला नाही असा एक तरी दिवस गेला का? तळवा यांना नवा आहे का? साऱ्या जगात तो पाहायचा हक्क कोणाला असेल तर यांनाच. इतके दिवस मी लपवत होते ते नेमकं कोणापासून?

फोन जमिनीवर ठेवायला मन होईना. यांचा जेवायचा पाट काढला, पुसला, पलंगासमोर मांडला. फोनचा कॅमेरा माझ्याकडे फिरवला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि फोन पाटावर उताणा ठेवला. पलंगाच्या काठावर बसून दोन्ही हातांनी पदर घट्ट धरला आणि पाय त्यावर अधांतरी धरला. "पाहा बाई," मी म्हटलं. पण बाईंना नाही, यांनाच म्हटलं. मग रडायला आलं, ते व्हिडिओत ऐकू येतं म्हणे.

मुलीला पाठवला, डॉक्टरीणबाईंना पाठवला. दोघींचेही फोन लगेच आले. अंगठ्याखाली जखम होती, आतून चिघळलेली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती साफ केली. आणखी थोडे दिवस गेले असते तर अंगठा राहिला नसता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कशानं झालं? घरात काय घालता पायात?" मुलगी पहाटेच्या गाडीनं आली होती. तिनं घरी जाऊन यांच्या चपला तपासल्या. उजव्या चपलेतून मोच्यानं मारलेला खिळा वर आला होता. रोज सकाळी तो मला टोचत होता आणि मला पत्ता नव्हता.

मुलगी ड्रेसिंगसाठी पंधरा-वीस दिवस राहिली. जाताना चपला फेकायला निघाली होती, मी फेकू दिल्या नाहीत. माळ्यावर ठेवल्या आहेत. सामान बांधायचं मात्र तिनं पुन्हा काढलं नाही. "रोज व्हिडिओ पाठव म्हणजे झालं," म्हणाली, आणि दारातून दोनदा मागे वळून पाहिलं.

आता दिवेलागणीला पाट मांडते. एक पाय, मग दुसरा. व्हिडिओ पुण्याला जातो. पडद्यावर परत हे येतात आणि मी वाकून पाटावर डोकं टेकते. पूर्वी लगेच "पुरे वं" ऐकू यायचं. आता पुरे म्हणणारं कोणी नाही, म्हणून मी बराच वेळ तशीच वाकलेली राहते. कंबर धरते.